सॅल्मनच्या बोटीची फी: कुठली कोणी भरायची, आणि पुढे ते पैसे कुठे जातात

कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सॅल्मन धरून विकायचा तर एका लायसनवर भागत नाही. माणसाचं वेगळं, बोटीचं वेगळं, त्या बोटीने सॅल्मनच धरायचा तर त्याचा परवाना आणखी वेगळा, आणि वर एक स्टॅम्प. मी सांता रोझात राहते, छोट्या धंद्यांचे हिशेब आणि टॅक्स करते. किनाऱ्यावरच्या बोडेगा बे बंदरातल्या काही बोटींची कागदपत्रंही माझ्याकडे असतात. माहेर हर्णैचं, त्यामुळे बोटवाल्यांशी माझं लवकर जमतं. पावती चुरगळून खिशात कोंबायची सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

दर वर्षी वसंत लागला की एखाद्या मराठी मुलाचा फोन येतोच. "ताई, कोडिंगचा कंटाळा आलाय. बोट घेतली तर? आणि ती फी म्हणे मासे वाचवायला जाते, म्हणजे पुण्यही पदरात!" पुण्याचं नंतर बघू. आधी कागद.

त्याच्याही आधी व्हिसा. एच-वन-बीवर असाल तर डेकवर उभं राहून वाटा घेणं हे कामच धरलं जातं, आणि ते तुम्हाला करता येत नाही. "मी पगार नाही घेत, फक्त माशाचा हिस्सा घेतो" हे तिथे चालत नाही. बोट विकत घ्यायची म्हणाल तर पाच नेट टन किंवा त्याहून मोठी मासेमारी बोट कोस्ट गार्डकडे फेडरल नोंदणीत असावी लागते. त्या नोंदणीवर मासेमारीची मुभा हवी असेल तर मालक अमेरिकन नागरिक लागतो. कंपनीच्या नावावर घेतलीत तरी निदान ७५ टक्के मालकी नागरिकांची हवी. ग्रीन कार्ड पुरत नाही. हे ऐकून निम्मे फोन इथेच संपतात. ज्यांचा संपत नाही, त्यांनी पुढे वाचावं.

माणसाचे कागद आणि बोटीचे कागद

एक मोठं पाकीट घ्या आणि त्यावर "माणूस" लिहा. दुसऱ्यावर "बोट". सगळा गोंधळ या दोन गोष्टी एकत्र केल्याने होतो.

माणसाच्या पाकिटात कमर्शियल फिशिंग लायसन. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आणि मासेमारीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं. तांडेलाचं आहे म्हणून खलाशाचं चालून जात नाही. राज्यात राहणाऱ्याला फी कमी, बाहेरच्याला बरीच जास्त. ऑरेगनहून हंगामापुरता येणारा गडी घ्यायचा असेल तर ती जास्तीची फी कोण भरणार हे आधीच ठरवून ठेवा. हंगाम संपताना वाटा करायच्या वेळी हा विषय निघाला की चांगल्या माणसांचीही तोंडं वाकडी होतात.

याच पाकिटात सॅल्मन स्टॅम्प, म्हणजे सॅल्मन धरायचा म्हणून लायसनवर वेगळी भरायची फी. तोही माणसागणिक. ज्या बोटीवर विक्रीसाठी सॅल्मन धरला जातोय त्या बोटीवर स्टॅम्प नसलेला माणूस नको, असा नियमाचा रोख आहे. त्यामुळे "भाचा नुसता बघायला येतोय" म्हणून कोणाला सोबत घेण्याआधी विचारून घ्या.

बोटीच्या पाकिटात बोटीची व्यावसायिक नोंदणी आणि सॅल्मन व्हेसल परमिट. हा परवाना मालकाला चिकटलेला नसतो, बोटीला चिकटलेला असतो. बोट विकली की परवाना तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जातो. नव्याने अर्ज करून हा परवाना मिळवायचा मार्ग तुमच्या-माझ्यासाठी नाहीच म्हणा ना. संख्या बांधलेली आहे, म्हणून घ्यायचा तो कोणाकडून तरी बोटीसकटच. जुनी बोट मोडकळीला आली तर परवाना दुसऱ्या बोटीवर नेता येतो, पण त्या दुसऱ्या बोटीची मासे धरायची ताकद जुनीएवढी किंवा कमी असली पाहिजे. अठ्ठावीस फुटी बोटीचा परवाना घेऊन पन्नास फुटी बोटीवर चढवू, हा बेत करूच नका.

अलास्कात नेमकं उलटं आहे. तिथे १९७३ च्या लिमिटेड एंट्री कायद्यापासून परवाना जिवंत माणसाच्या नावावर असतो. कंपनीच्या नावावर होत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि परवानाधारक स्वतः बोटीवर हजर असावा लागतो. इंटरनेटवर "अलास्का परमिट विकणे आहे" अशा जाहिराती वाचून लोक माझ्याकडे येतात आणि तेच नियम इकडे लावायला बघतात. दोन राज्यं म्हणजे दोन वेगळी दुकानं समजा.

बोट घेताना सौदा कागदावर फोडून लिहा: बोटीची किंमत इतकी, परवान्याची इतकी, जाळी-गळ-यंत्रं इतकी. विकणारे बहुतेकदा एकच गोल आकडा सांगतात आणि हस्तांदोलन करतात. मग एप्रिलमध्ये माझ्यासमोर बसून "टॅक्समध्ये किती वजा होईल?" विचारतात. परवान्याची खरेदी किंमत पंधरा वर्षांत थोडीथोडी वजा होते, बोट आणि यंत्रं त्याहून लवकर. आकडा फोडला नसेल तर भांडण तुमचं आणि आयआरएसचं, म्हणजे फेडरल करखात्याचं. दर वर्षीची नूतनीकरणाची फी मात्र त्याच वर्षीच्या खर्चात सरळ वजा होते.

आणि पुण्याची टॅक्सपुरती गोष्ट इथेच मिटवते. स्टॅम्पचा पैसा मासे वाढवायला जातो हे खरं. पण तेवढ्यावरून तो देणगीच्या रकान्यात टाकता येत नाही. तो धंद्याचा खर्च आहे, शेड्यूल सी या धंद्याच्या टॅक्स फॉर्मवर जातो. एकाने माझ्याशी यावरून अर्धा तास हुज्जत घातली होती.

स्टॅम्पचं गणित

स्टॅम्पची मूळ किंमत ८५ डॉलर. पण तो आकडा माशांच्या आवकेला बांधलेला आहे, आणि ही व्यवस्था मला मनापासून आवडते. आदल्या हंगामात राज्यात साफ केलेला सॅल्मन तीस लाख पाउंडांपेक्षा जास्त उतरला, तर वरच्या प्रत्येक अडीच लाख पाउंडांमागे साडेबारा डॉलर वाढतात. काही झालं तरी २६० च्या वर जात नाही. साफ केलेला म्हणजे आतडी आणि कल्ले काढलेला. ट्रोलिंगच्या, म्हणजे मागे गळ ओढत चालणाऱ्या, बोटीवर मासा वर आला की तो लगेच साफ करून बर्फात जातो, म्हणून वजन त्याचंच धरतात.

एकदा हाताने करून बघा. समजा चाळीस लाख पाउंड उतरले. वरचे दहा लाख, म्हणजे अडीच लाखांचे चार टप्पे, म्हणजे पन्नास डॉलर. पुढच्या वर्षी स्टॅम्प १३५ ला. चौदा टप्पे भरले की २६० ची कमाल गाठते, त्यासाठी पासष्ट लाख पाउंड लागतील. गेली काही वर्षं हा विषयच आलेला नाही, त्यामुळे तुम्हाला फीच्या यादीत ८५ च दिसेल.

मासा भरपूर तर मच्छीमाराच्या हातात पैसा, तेव्हा त्याच्याकडून जास्त घ्या. मासा नाही तर कमी घ्या. कोळ्याला पटेल असा हिशेब आहे. पण याची दुसरी बाजू अशी की नद्या आटल्या, मासा गेला, हंगाम बंद पडला, की स्टॅम्प घेणारंच कोणी उरत नाही. पैशाची निकड सगळ्यात जास्त असते त्या वर्षी गल्ला रिकामा. ढोबळ मान लक्षात यावं म्हणून धरा की हजार माणसांनी ८५ डॉलर भरले. झाले पंच्याऐंशी हजार. इकडे एका बऱ्यापैकी अनुभवी जीवशास्त्रज्ञाचा वर्षाचा पगारही त्यात धड निघत नाही.

आणखी एक वसुली आहे जी मच्छीमाराच्या नजरेआड होते: लँडिंग फी. धक्क्यावर मासा विकत घेणारा व्यापारी ती पाउंडामागे भरतो. तो ती तुमच्या भावातूनच काढतो हे सांगायला नको. पण तुम्ही स्वतःच बोटीवरून गिऱ्हाइकाला मासा विकणार असाल तर वेगळं रिटेल लायसन लागतं, आणि मग घेणारा व्यापारी तुम्हीच. पावती तुम्ही फाडायची, फी तुम्ही भरायची. जुलै २०१९ पासून या पावत्या ऑनलाइन भराव्या लागतात, आणि त्यासाठी कामाचे तीन दिवस मिळतात. "रविवारी सगळ्या एकदम भरते" म्हणणाऱ्या एका बोटवालीला मी शेवटी धक्क्यावरच फोनवरून भरायची सवय लावली. आता ती बर्फ भरायच्या आधी पावती भरते.

कधी काय करायचं

लायसनचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. जानेवारीत घेतलेलं लायसन तीन महिन्यांत मरतं, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. सॅल्मन परवान्याचं नूतनीकरण एप्रिल संपायच्या आत उरकून टाका.

त्याच सुमारास हंगामाचा निकाल लागतो. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पलीकडचा समुद्र फेडरल सरकारचा. तिथले नियम पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल सुचवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शास्त्रज्ञांचा अंदाज येतो, मार्चच्या बैठकीत तीन पर्याय मांडले जातात, एप्रिलमध्ये एक ठरतो. म्हणजे मे महिन्यात बोट काढायची की नाही हे एप्रिलच्या मध्यापर्यंत पक्कं कळत नाही. बर्फ, डिझेल, खलाशी, सगळ्यांची बोलणी त्या एका तारखेला लटकलेली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, परवान्याचं नूतनीकरण निकालाची वाट न बघता करून ठेवा. स्टॅम्प मात्र हंगाम उघडतोय असं दिसल्यावर घ्या.

अंदाजातला कुठला आकडा बघायचा? सॅक्रामेंटो नदीत शरदात परतणाऱ्या चिनूकचा, चिनूक ही सॅल्मनचीच एक जात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सॅल्मनचा कणा हाच. १,२२,००० ते १,८०,००० मासे अंडी घालायला परत यावेत असं उद्दिष्ट आहे. २०२२ साली साठेक हजारच आले. पुढच्या वर्षी हंगाम बंद. २०२३, २०२४, २०२५, सलग तीन वर्षं व्यावसायिक मासेमारी पूर्ण बंद राहिली. याआधी अशी बंदी २००८ आणि २००९ मध्ये आली होती.

बंद वर्षातली कागदपत्रं

हंगाम बंद म्हणजे परवाना बंद नव्हे. उलट याच वर्षांत परवाने हातचे जातात, कारण माणूस चिडलेला असतो, पाकीट उघडत नाही, तारीख निघून जाते. एकदा गेला की परत मिळवताना नाकी नऊ येतात. ज्या बोटीवर सॅल्मनबरोबर डंजनेस खेकड्याचाही परवाना आहे तिची तगून राहायची शक्यता जास्त, कारण डिसेंबर-जानेवारीत थोडी हालचाल होते. खेकड्याचंही आता व्हेल दोरीत अडकू नयेत म्हणून मागेपुढे होतं, पण तो वेगळा लेख होईल.

बंदीच्या वर्षी राज्य फेडरल सरकारकडे मत्स्य आपत्ती जाहीर करायची मागणी करतं. वाणिज्य मंत्र्यांनी ती मान्य केली, काँग्रेसने पैसा दिला, मग राज्याने वाटपाचा आराखडा केला, तो पुन्हा वर गेला, मंजूर होऊन खाली आला. २००८ च्या आपत्तीत कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन मिळून १७ कोटी डॉलर आले होते. २०२३ च्या बंदीसाठी कॅलिफोर्नियाला २ कोटी ६ लाख डॉलर मंजूर झाले, तेही पुढच्या वर्षी. चेक हातात पडेपर्यंत लोक दुसरी कामं शोधून मोकळे होतात.

या वाटपात तुमचा वाटा ठरतो तो मुख्यतः मागच्या वर्षांत तुमच्या बोटीने किती मासा उतरवला यावरून. म्हणून लँडिंगच्या पावत्या जपा. टॅक्ससाठी लागतात त्यापेक्षा जास्त वर्षं जपा. खलाशाचं दुखणं वेगळं: पावतीवर त्याचं नाव कुठेच नसतं. त्याने दर खेपेच्या हिशेबाचा कागद, ज्यावर वाटा कसा पडला ते लिहिलेलं असतं, मागून घ्यावा, आणि वर्षअखेरीला मिळणारा १०९९ फॉर्म सांभाळावा. दहापेक्षा कमी माणसांच्या बोटीवर वाट्यावर काम करणारा खलाशी करापुरता स्वतःचा मालक असतो. त्याची कमाई १०९९-एमआयएससीच्या पाचव्या चौकटीत येते. तो कागद नसेल तर तो समुद्रावर होता हे सिद्ध करायला कोणाच्या तरी तोंडी ग्वाहीवर अवलंबून राहावं लागतं.

ज्यांची दोन तृतीयांश कमाई मासेमारीची, त्यांना टॅक्सचे तिमाही हप्ते भरायची गरज नाही, पूर्ण विवरणपत्र १ मार्चपर्यंत भरून मोकळं होता येतं. आणि एखादं वर्ष छान, आधीची तीन कोरडी, अशा धंद्यासाठी शेड्यूल जे हा फॉर्म आहे: छान वर्षाची कमाई मागच्या तीन वर्षांवर पसरून कर मोजता येतो. आपल्या टॅक्सवाल्याला हे माहीत नसेल तर टॅक्सवाला बदला.

पैशाचा माग कसा काढायचा

आता पुण्याकडे. स्टॅम्पचे पैसे राज्याच्या फिश अँड गेम प्रिझर्व्हेशन फंडात जातात, पण त्यांचा खर्च सॅल्मन वाढवण्यावर आणि नद्या दुरुस्त करण्यावरच करायचा असं बंधन आहे. कशावर करायचा, याची शिफारस ट्रोलिंग करणाऱ्या मच्छीमारांची एक सल्लागार समिती करते. एवढी थेट साखळी सरकारी पैशात क्वचित दिसते.

बराचसा पैसा मत्स्यबीज केंद्रांकडे गेला आहे. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात मोठी धरणं झाली तेव्हा मासे वर चढायच्या वाटा बुजल्या. शास्ता धरण १९४५ ला पुरं झालं, आणि त्याच्या वरच्या सगळ्या थंड झऱ्यांचा सॅल्मनशी संबंध तुटला. भरपाई म्हणून खाली केंद्रं बांधली गेली. बॅटल क्रीकवरचं कोलमन हे त्यातलं मोठं, ते फेडरल आहे. फेदर, अमेरिकन, मोकलमी या नद्यांवरची राज्य चालवतं. धरणाच्या भरपाईची पिल्लं वाढवायचा खर्च धरणवाल्यांकडून येतो. त्यावर जादा पिल्लं, मुख्यतः समुद्रातल्या मासेमारीसाठी, वाढवली जातात. फेदर आणि मोकलमीवर अशी जादा पिल्लं स्टॅम्पच्या पैशातून वाढवलेली आहेत. मग ती टँकरमध्ये भरून खाडीपर्यंत आणतात, काही ठिकाणी तरंगत्या जाळ्यांच्या पिंजऱ्यात थोडा वेळ ठेवतात आणि ओहोटीबरोबर सोडतात. नदीतून पोहत आली असती तर वाटेत पाणी उपसणाऱ्या पंपांनी, गरम पाण्याने आणि पट्टेरी बास माशांनी बरीच खाल्ली असती. टँकरने आलेल्या माशाला मात्र आपली नदी नीट ओळखता येत नाही, मोठा झाल्यावर भलत्याच नदीत शिरतो. हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे, आणि मला दोघांचंही पटतं.

आपल्या पैशाचा मासा आपल्याच गळाला लागला का, हे शोधायची सोय आहे. सॅल्मनच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटी मऊ पर असते, हाड नसलेली. ती कापलेली असेल तर समजा की मासा केंद्रातला आहे आणि त्याच्या नाकाच्या कूर्चेत एक तार आहे. तार म्हणजे केवढी? जेमतेम एक मिलिमीटर लांब, केसापेक्षा जाड. पिल्लू बोटभर असताना यंत्राने टोचलेली. २००७ पासून सेंट्रल व्हॅलीच्या, म्हणजे सॅक्रामेंटो ज्यातून वाहते त्या मोठ्या खोऱ्याच्या, केंद्रांत शरदातल्या चिनूकच्या चार पिल्लांमागे एकाला ही तार टोचतात.

धक्क्यावर मासा उतरत असतो तेव्हा राज्याच्या मत्स्यविभागाची एक मुलगी रबरी बूट घालून टेबलाशी उभी असते. ती प्रत्येक माशाची पाठ अंगठ्याने चाचपते. पर नसली की डोकं कापून घेते, पिशवीत घालते, चिठ्ठी लावते: कुठल्या बोटीने, कुठे, कधी धरला. प्रयोगशाळेत ती तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचा आकडा वाचतात. आकड्यावरून केंद्र कळतं, पिल्लाचं वर्ष कळतं, कुठे सोडलं ते कळतं. बोटवाल्यांनो, या मुलींशी नीट वागा. डोकं कापल्यामुळे माशाचा भाव पडतो म्हणून काहीजण कुरकुरतात. पण ही डोकी नसतील तर तुमचे स्टॅम्पचे पैसे मासा होऊन परत आले की पाण्यात गेले, हे कोणालाच सांगता येणार नाही.

स्टॅम्प जिथे पोचत नाही

माझं स्पष्ट मत आहे की फी वाढवून सॅल्मन वाचणार नाही. स्टॅम्पने पिल्लं विकत घेता येतात, थंड पाणी विकत घेता येत नाही. २०२१ च्या दुष्काळात शास्ताच्या खालचं पाणी इतकं तापलं की हिवाळी चिनूकच्या अंड्यांतून शंभरात तीनच्याही आत पिल्लं जगली. २०२० मध्ये केंद्रांतली पिल्लं गोल गोल फिरून मरायला लागली, तेव्हा कळलं की मोठे मासे समुद्रात जवळजवळ नुसते अँकोव्ही हे छोटे मासे खात होते आणि त्यांच्या अंड्यांत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडत होतं. आता पिल्लांना थायमिनच्या पाण्यात बुडवून घेतात. हा उपाय स्वस्त आहे. पाण्याचा नाही.

पाण्याचा पैसा दुसरीकडून येतो. १९९२ च्या सेंट्रल व्हॅली प्रोजेक्ट इम्प्रूव्हमेंट कायद्याने वर्षाला आठ लाख एकर-फूट (एक एकरावर फूटभर साचेल ते एक एकर-फूट) पाणी मासे आणि अधिवासासाठी बाजूला काढलं, आणि पाणी व वीज घेणाऱ्यांवर एक आकारणी बसवून त्याचा वेगळा निधी केला. नैसर्गिक सॅल्मन २००२ पर्यंत दुप्पट करायचा असं त्यात लिहिलं होतं. ते झालं नाही. क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडायला ४५ कोटी डॉलर ठेवले होते: २० कोटी वीज कंपनीच्या गिऱ्हाइकांचे, २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांचे. काम २०२४ मध्ये पुरं झालं आणि त्याच शरदात चिनूक जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेला. आता ८५ डॉलरच्या स्टॅम्पांनी ४५ कोटी जमवायला किती वर्षं लागतील, तो भागाकार तुम्ही करा.

म्हणून फी भरताना तिच्याबरोबर मिळणारा बोलायचा हक्क वापरा. मला तरी फीपेक्षा तोच मोलाचा वाटतो. कौन्सिलच्या बैठकीत आणि समितीकडे कोणालाही लेखी म्हणणं देता येतं. एका पानात लिहा. कुठली नदी, कुठला महिना, काय हवं, एवढंच. "आम्ही मेलो, आमच्याकडे बघा" असं लिहिणाऱ्याला सगळे सहानुभूतीने मान डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. "स्टॅम्पच्या पैशातून अमुक केंद्राची पिल्लं अमुक ठिकाणी सोडा, मागच्या वर्षीच्या तारांत तिथली परत आलेली संख्या जास्त आहे" असं लिहिलंत तर कोणीतरी पेन उचलतं.

अलास्कात मच्छीमार याच्याही एक पाऊल पुढे गेले. तिथल्या काही विभागांत परवानाधारकांनी मतदान करून स्वतःवरच एक ते तीन टक्क्यांचा कर बसवून घेतला, जो त्या विभागाच्या मत्स्यबीज संस्थेला जातो आणि तिच्या कारभारात मच्छीमार बसतात. ब्रिस्टल बेमध्ये हा कर नाही, कारण तिथला सॉकाय, ही सॅल्मनचीच आणखी एक जात, सगळा नदीत आपोआप वाढतो. पण फीवरून अलास्कातही भांडणं झाली. परराज्यातल्यांकडून तिप्पट फी घेतात म्हणून १९८४ मध्ये दाखल झालेला दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जवळजवळ तीन दशकं परत परत येत राहिला. परराज्यातली जास्त फी भरताना ही केस माहीत असलेली बरी. आणि प्रत्येक भरलेल्या फीची पावती ठेवा, परतावा मिळायची वेळ आली तर पावतीवालाच पुढे असतो.

बोट घ्यायची नाही, नुसता ताजा मासा हवाय, अशांसाठी शेवटचं. हंगाम उघडा असेल तेव्हा बोडेगा बेला स्पड पॉइंटच्या धक्क्यावर किंवा हाफ मून बेला पिलर पॉइंटला जा. बोटीवर विक्रीची पाटी असते. रोख पैसे न्या, बर्फ भरलेला डबा न्या. अख्खाच मासा घ्यावा लागतो, तेव्हा दोन-तीन घरं मिळून जा. कालवणासाठी डोकं हवं असेल तर आधी पाठ बघून घ्या. पर शाबूत असलेला मासा मागा, कारण पर कापलेल्याचं डोकं त्या रबरी बुटांतल्या मुलीकडे जातं आणि ती कोणाचं ऐकत नाही.